कन्फर्म झालेलं तिकीट कोणी रद्द केलं?

14 जून 2025 ला, शनिवारी, कुडाळहून ठाण्याला येताना मांडवी एक्सप्रेसमध्ये आमच्यावर जी वेळ आली ती दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. दरवर्षी गणपतीची तिकिटं काढायची धावपळ सगळीकडे सुरू होते आणि आमच्यासारखीच बरीच मंडळी कुणा ना कुणा ओळखीच्या एजंटाकडे जात असतील. त्यांनी हे वाचावं.

दर मे महिन्यात मी मुलांना घेऊन सासरी जाते. आमची वाडी कुडाळ तालुक्यात, स्टेशनपासून रिक्षाने पाऊण तास. यंदा 25 मेची परतीची तिकिटं मी स्वतःच ऑनलाइन काढून ठेवली होती. पण गावी पोचल्यावर सासूबाईंच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी 20 मेची तारीख दिली. ऑपरेशननंतर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि लगेच प्रवासही नको होता. म्हणून ठरलं, आपली तिकिटं रद्द करायची, जूनच्या मध्यापर्यंत थांबायचं आणि पावसाळ्यासाठी त्यांना डोंबिवलीला घेऊनच यायचं.

आता 14 जूनची तिकिटं कुठून मिळणार? आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्यांना वेटिंग लागलेलं होतं. त्यात 1 मेपासून वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये आणि एसीत चढू देत नाहीत. पूर्वी वेटिंगवरही लोक आत शिरून कुठेतरी टेकायचे, तो मार्ग बंद झाला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं सत्तरीचं माणूस बरोबर असणार, त्यामुळे मला कन्फर्मच तिकीट हवं होतं. आणि ज्याला कन्फर्मच हवं असतं, त्याला फसवणं सोपं जातं.

बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण मुलगा टेबल टाकून बसला होता. लाइटबिल, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट, सगळं करून देतो अशी पाटी. शेजारच्या दोघांनी त्याच्याकडून तिकिटं घेतली होती आणि नीट गेली होती, असं कळलं. तो बोलायला अतिशय नम्र. म्हणाला, "वैनी, टेन्शन घेव नका. लागतलाच. नाय लागला तर पैशे परत." माणशी 900 रुपये सांगितले, चौघांचे 3,600. अर्धे आता, अर्धे तिकीट कन्फर्म झाल्यावर. ह्या अर्ध्या-अर्ध्याच्या बोलीनेच माझा विश्वास बसला. मला वाटलं, फसवणारा माणूस आधीच सगळे पैसे मागेल.

जास्त पैसे घेतोय हे मला माहीत होतं. छापील भाडं त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. पण गरज माझी होती, म्हणून मी दिले.

तिकीट काढताना मी माझा मोबाइल नंबर सांगायला लागले, तर तो म्हणाला, "तुमच्याकडे रेंज खंय असता? मेसेज येवचोच नाय. माझो नंबर घालतंय, लागला काय मीच फोन करतंय." बोलणं खोटं नव्हतं. आमच्या वाडीत खरंच रेंज नाही. फोन लावायचा तर वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावं लागतं. मला ते पटलं. सगळ्या प्रकरणात जर एखादी गोष्ट मी परत मागे जाऊन बदलू शकले, तर ही बदलेन. तिकिटावर ज्याचा नंबर, त्यालाच रेल्वे सगळं कळवते. कन्फर्म झालं तरी त्यालाच, रद्द झालं तरी त्यालाच.

त्याने मला तिकिटाचा कागद दिला तो अर्धाच. वरचा भाग, म्हणजे पीएनआर, गाडी, आमची नावं आणि वेटिंग 31 ते 34. खालचा भाग नव्हता. "शाई संपली, तेवढाच लागता," म्हणाला. ई-तिकिटाच्या त्या खालच्या भागात काय असतं हे मी आता नीट वाचलं आहे. तिथे भाड्याचा हिशेब असतो. शिवाय सूचनांमध्ये छापलेलं असतं की अनधिकृत एजंटाकडून किंवा खाजगी आयडी, म्हणजे स्वतःपुरतं काढलेलं ऑनलाइन खातं, धंद्यासाठी वापरणाऱ्याकडून तिकीट घेऊ नका, असं तिकीट रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली रद्द होऊन पैसेही जाऊ शकतात. अधिकृत एजंटाने काढलेल्या तिकिटावर त्या एजंटाचं नाव असतं. तो कागद पूर्ण हातात आला असता तर मला तिथल्या तिथे कळलं असतं.

मग रोजचा एक नेम झाला. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सड्यावर जायचं आणि पीएनआर टाकून बघायचं. 31 चे 26 झाले, 26 चे 17. मुलंही विचारायची, आज किती झाले? यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला, 25 तारखेला तळकोकणात पोचलासुद्धा. खळ्यात, म्हणजे अंगणात, घातलेली कोकमाची सोलं आत घ्यावी लागली, शेवटचे आंबे झाडावरच भिजले. तरी मी छत्री घेऊन सड्यावर जात होते. 30 मेला पाहिलं तर चारही नावांपुढे कन्फर्म! एस-4, 17 ते 20. त्यात 17 आणि 20 दोन्ही खालचे बर्थ. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला म्हणून मी इतकी खुश झाले की तिथूनच त्या मुलाला फोन करून उरलेले 1,800 यूपीआयने पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव त्याचं नव्हतं, कुणा तिसऱ्याचंच आलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे.

त्यानंतर मी एकदाही पीएनआर पाहिला नाही. तिकीट कन्फर्म झाल्यावर कोण बघतं? पावसात सडा चढायचं कारणच उरलं नव्हतं. आणि त्याला नेमकं हेच हवं होतं.

14 तारखेला गाडी आली. सामान काय विचारू नका. कुळथाचं पीठ, आंब्याची साटं, फणसाचे गरे, दोन नारळांची पिशवी, आणि सासूबाईंचं पावसाळ्याचं सगळं बिऱ्हाड. एस-4 मध्ये चढलो तर 17 ते 20 वर एक कुटुंब बसलेलं. सावंतवाडीला चढले होते. मी कागद दाखवला, त्यांनी मोबाइल दाखवला. त्यांचेही तेच नंबर. ती बाई भली होती, म्हणाली आमचं वेटिंग होतं, चार-पाच दिवसांपूर्वीच कन्फर्म झालं. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की तिला मिळालेल्या जागा आमच्याच होत्या.

टीसी आले. त्यांनी हातातल्या यंत्रात पाहिलं, मग पीएनआर विचारला, मग परत पाहिलं. म्हणाले, "ताई, हे तिकीट रद्द झालंय. चारही नावं." मी 30 मेचा स्क्रीनशॉट दाखवला. ते म्हणाले, त्या दिवशी ते खरंच कन्फर्म होतं, पण आजच्या चार्टमध्ये तुमची नावं नाहीत. आवाज न चढवता, समजावून सांगितलं त्यांनी. पण नियम नियमच. आमच्याकडे तिकीट नव्हतं म्हणजे आम्ही विनातिकीट. भाडं भरायचं, वर दंड, तो माणशी किमान 250. आणि कणकवलीला उतरून जनरल डब्यात जायचं.

सासूबाई मला विचारत होत्या, "आमचा तिकीट आसा मा? मगे उठाचा कित्याक?" काय सांगणार होते मी त्यांना.

कणकवलीला पाऊस धो धो पडत होता. एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हातात बॅग, पोरं पिशव्या ओढत मागे. जनरल डबा शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार असल्यासारखाच भरलेला होता. एका पोराने उठून सासूबाईंना जागा दिली, म्हणून त्यांना बसता तरी आलं. मी आणि मुलं रत्नागिरीपर्यंत उभी. त्यांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे होते. त्या गर्दीत, धक्क्यांत, न धुतलेल्या हातांनी मी ते घालायचं धाडस केलं नाही. दुपारचे दोन्ही डोस चुकले. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी जात असताना त्यांनी पदराने डोळा झाकून घेतला होता आणि माझा हात सोडत नव्हत्या. मला पैशांचं दुःख आहेच, पण राग येतो तो ह्या आठवणीने. डोळ्याला पुढे काही झालं नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. पण होऊ शकलं असतं.

घरी आल्यावर नवऱ्याने रेल्वे सुरक्षा बलाच्या चौकीत तक्रार दिली. टीसींची पावती आणि यूपीआयच्या दोन्ही व्यवहारांचे नंबर जपून ठेवले होते, ते उपयोगी पडले. तिथे आम्हाला सगळा प्रकार उलगडून सांगितला. तिकीट त्याने एका खाजगी आयडीवरून काढलेलं होतं आणि 9 जूनला रद्द केलं. तेव्हाच्या, 2025 च्या, नियमाप्रमाणे स्लीपरचं कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या 48 तासांहून आधी रद्द केलं तर माणशी 120 रुपये कापून बाकीचं भाडं परत मिळायचं. ते परत कुणाला जातं? ज्या खात्यातून पैसे भरले, त्या खात्यात. म्हणजे त्याच्याच. आमच्याकडून 3,600 घेतले आणि वर रेल्वेकडूनही भाडं परत घेतलं. रद्द झाल्याचा मेसेज गेला तो त्याच्याच मोबाइलवर. अधिकृत एजंटाच्या तिकिटाचं असं सहज होत नाही. तिथे रद्द केल्यावर पैसे परत करताना प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तोही नंबर प्रवाशाचाच दिलेला असेल तरच, हे लक्षात ठेवा.

कलम 143 खाली अशा बेकायदा तिकीटविक्रीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण माणूस सापडला पाहिजे. दीर दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर टेबल रिकामं. झेरॉक्सवाला हात वर करून मोकळा झाला, "तो माझो माणूस न्हय. मे म्हयन्यापुरतो टेबल दिल्लंय तेका." फोन बंद. दीर तिथे उभे असतानाच आणखी एक गृहस्थ त्याची चौकशी करत आले. त्यांचं 10 जूनचं तिकीट होतं.

1930 ह्या सायबर हेल्पलाइनवरही आम्ही फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे अडवायचे तर फसवणुकीनंतर ताबडतोब कळवावं लागतं. आमचा पहिला व्यवहार 6 मेचा, दुसरा 30 मेचा. दोन आठवडे उलटून गेले होते. तपास चालू आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

मी हे सगळं इतक्या तपशिलात लिहिते आहे कारण मी काही अगदीच बेसावध नव्हते. पीएनआर खरा होता, मी तो स्वतः तपासला होता, रोज तपासत होते. खोटी पीडीएफ वगैरे काही नव्हतं. लोक सांगतात "पीएनआर तपासा, म्हणजे झालं", तर एवढ्याने होत नाही. कन्फर्म झाल्यावरही तपासा, निघायच्या आदल्या दिवशी तपासा आणि घरून निघताना परत तपासा. इंटरनेट नसेल तर 139 वर पीएनआर पाठवून साध्या मेसेजनेही स्थिती कळते. मला हे आधी माहीत असतं तर 9 तारखेनंतर कुठल्याही दिवशी कळलं असतं, आणि मी एसटीची किंवा खाजगी बसची सोय केली असती. सासूबाईंना तशी वेळ आली नसती.

1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार जोडलेलं खातं लागतं. मला भीती वाटते की आता हीच मंडळी लोकांकडे त्यांचं खातं, आधार आणि ओटीपी मागायला लागतील, "तुमच्याच नावावर काढून देतो" म्हणून. देऊ नका. नाही जमलं स्वतःला तर स्टेशनच्या खिडकीवर जा, फॉर्म भरा आणि त्यात मोबाइल नंबर स्वतःचा लिहा. घरात कुणाचाच फोन लागत नसेल तर मुंबईत असलेल्या मुलाचा, भावाचा लिहा, पण आपल्या माणसाचा.

2025 चे गणपती 27 ऑगस्टला. गौरी-गणपतीचं विसर्जन 2 सप्टेंबरला, आणि 3 तारखेच्या परतीच्या गाड्यांचं आरक्षण 5 जुलैला उघडून गेलं. ज्यांनी कुणा टेबलवाल्याकडून तिकीट काढलं असेल, त्यांनी आजच पूर्ण कागद मागून घ्या, खालच्या भागासकट. त्यावर एजंटाचं नाव आहे का, भाडं किती छापलंय आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे पाहा. तो देत नसेल तर गाडीच्या दिवसाची वाट पाहू नका.