पंधराशेचं इको-फ्रेंडली किट: सात महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी मे महिन्यातच लिहिणार होते. कंपनीचा मेल आला होता की रिव्ह्यू लिहा आणि पुढच्या ऑर्डरवर १०० रुपये ऑफ घ्या. पण तेव्हा लिहिला असता तर नुसत्या शिव्याच झाल्या असत्या, म्हणून थांबले. आता सात महिने झालेत, अख्खा पावसाळा मध्ये जाऊन आलाय आणि डोकंही थंड झालंय (केसांसकट). कंपनीचं नाव लिहीत नाहीये. अशी किटं विकणारे ढिगाने आहेत आणि सगळ्यांच्या डब्यात साधारण हेच असतं, एक शाम्पू बार, दोन बांबूचे ब्रश, टूथपेस्टच्या गोळ्या, कडुलिंबाचा कंगवा, बांबूचे इयर बड्स, तांब्याचं टंग क्लीनर आणि एक लूफा. किंमत १४९९.

डबा आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. सासूबाई चिपळूणहून आल्या होत्या. डबा केवढा तर मिक्सर मावेल एवढा, आत कागदाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग, त्यात खोल हात घातल्यावर एकेक वस्तू सापडते. डब्यावर मोठ्या अक्षरात प्लास्टिक-फ्री लिहिलेलं आणि त्यावरूनच आडवी चिकटवलेली सेलोटेप. बरं सेलोटेप सोडून देऊ, पण शाम्पूच्या वडीवर सुद्धा पारदर्शक प्लास्टिकचं रॅपर होतं राव. मी मेल केला तर उत्तर आलं की ट्रान्झिटमध्ये प्रॉडक्ट सेफ राहावं म्हणून. ठीक आहे.

सासूबाईंनी सगळ्यात आधी लूफा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं हे घोसाळं आहे." मी म्हटलं हो आई, नॅचरल लूफा म्हणतात त्याला. "केवढ्याला?" वेबसाइटवर सुटा १५० ला होता तो, मी १५० म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, वरण वाढून घेतलं. त्या न बोलण्यात जे होतं ते आमच्या घरातल्यांनाच कळेल.

आता मेन मुद्दा, शाम्पू बार. ह्याच्यासाठीच किट घेतलं होतं मी, कारण आमच्याकडे महिन्याला दोन बाटल्या लागतात आणि त्या बाटल्यांचा मला खरंच वैताग आलाय. पाऊच तर त्याहून वाईट, बाटली निदान भंगारवाला घेतो, पाऊचला कोणी हात लावत नाही, कारण ते वेगवेगळ्या थरांचं प्लास्टिक असतं, सुटं करता येत नाही. तर पहिल्या दिवशी वडी केसांना चोळली, फेस असा आलाच नाही, धुतले, आणि वाळल्यावर केस म्हणजे काथ्या. नुसते कोरडे नाही, चिकट आणि कोरडे एकाच वेळी, कंगव्याला पांढरट काहीतरी लागत होतं. कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलंय की दोन-तीन आठवडे ट्रान्झिशन पिरियड असतो, केस केमिकलची सवय सोडतात. मी भाबडी, पूर्ण पाच आठवडे सोसलं. ऑफिसमध्ये एकीने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग एका रविवारी एक प्रयोग केला, शाळेत केला होता तोच. दोन पारदर्शक बाटल्या घेतल्या, एकीत आमच्या नळाचं पाणी (आम्ही पुण्यात वाघोली साइडला राहतो, बोअर आणि टँकर, गीझरची कॉइल दरवर्षी खराब होते यावरून पाणी कसलं ते समजून घ्या), दुसरीत आरओचं पाणी. दोन्हीत वडीचा नखाएवढा तुकडा किसून टाकला आणि हलवलं. आरओच्या बाटलीत वरपर्यंत फेस. नळाच्या बाटलीत फेस जवळजवळ नाहीच, पाणी ताकासारखं गढूळ आणि दुधात लिंबू पडल्यासारखे पांढरे कण तरंगतायत. हेच कण माझ्या केसात होते पाच आठवडे! ट्रान्झिशन कसलं डोंबलाचं, तो साबणाचा साका होता. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण त्यांना धरून बसतो आणि न विरघळणारा साका तयार होतो, बादलीच्या कडेला पांढरी रेघ दिसते तीच गोष्ट. वर साबण मुळात अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या आसपास, आणि डोक्याची त्वचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याच्या गावात हीच वडी कदाचित मस्त चालेल, आमच्याकडे चालणं शक्यच नव्हतं, आणि हे डब्यावर एका ओळीत लिहिता आलं असतं.

तर घेणाऱ्यांनी एवढं बघा. शाम्पू बार म्हणून दोन वेगळ्याच गोष्टी विकल्या जातात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सोडियम कोकोएट, सोडियम पामेट किंवा सॅपोनिफाइड कोकोनट ऑइल असं काही लिहिलं असेल तर तो साबण आहे, नाव काहीही असो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असं लिहिलं असेल तर तो साबण नाही, घन रूपातला शाम्पूच आहे, तो साका करत नाही. मी जुलैमध्ये दुसऱ्या कंपनीची ही दुसऱ्या प्रकारची वडी घेतली, कागदाच्या खोक्यात, ८० ग्रॅम, साडेतीनशे रुपये. पहिल्याच धुण्यात फरक. एकटीला वापरून दोन महिने आणि वर थोडे दिवस गेली. पण एक करा, वडी अख्खी वापरू नका, सुरीने चार तुकडे करा आणि एकच बाथरूममध्ये ठेवा, कारण ही वडी पाण्यात बसली की तिचा शिरा होतो. पहिला तुकडा माझा असाच वाहून गेला.

घरातलं कोणी तरी म्हणणारच, म्हटलंच, की शिकेकाई काय वाईट होती. वाईट नव्हती हो. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, ते साबणासारखा साका करत नाही, त्यामुळे आमच्या पाण्यातही केस मऊ होतात. पण ती रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा, डोळ्यात गेली तर अर्धा तास रडा, आणि नुसती पावडर लावून धुतली तर बाथरूमची जाळी तुंबते ती वेगळीच. मी रविवारी करते, मधल्या वारी वडी. सोमवारी सकाळी सात वीसची कॅब असताना शिकेकाई उकळा असं सांगणाऱ्यांनी माझ्या घरी येऊन उकळून द्यावी.

बांबूचा ब्रश. दात छान घासतो, तक्रार नाही. पण १०० टक्के बायोडिग्रेडेबल हे खोटं, दांडा बांबूचा आहे, केस नायलॉनचेच आहेत, बहुतेक सगळ्याच बांबू ब्रशचे असतात. फेकताना पक्कडीने केस उपटून काढायचे, ते सुक्या कचऱ्यात आणि दांडा कुंडीत. मी बसून उपटले, वीस मिनिटं लागली, केस सगळीकडे उडतात, खाली पेपर घ्या. दुसरं म्हणजे पावसाळा. जूनच्या शेवटी नवऱ्याच्या ब्रशच्या बुडाला काळी बुरशी धरली, कारण तो ब्रश मगमध्ये ठेवतो आणि मगच्या तळाला पाणी असतं. माझा खिडकीत आडवा ठेवलेला, त्याला काही झालं नाही. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर हे धरून चाला, रोज पुसून ठेवणार असाल तरच घ्या.

टूथपेस्टच्या गोळ्या. एक गोळी चावायची आणि ओल्या ब्रशने घासायचं. साठ गोळ्या, दोघांना सकाळ-रात्र म्हणजे पंधरा दिवस! आणि त्यात फ्लोराइड नव्हतं. आमच्या डेंटिस्टबाईंनी डबी बघितली आणि सरळ सांगितलं की दात किडू नये म्हणून पेस्टमध्ये जे लागतं तेच ह्यात नाहीये. परत साधी ट्यूब सुरू. सगळीकडे हिरवं व्हायलाच पाहिजे असं काही नाही, रूट कॅनलचा खर्च कोण देणार. फ्लोराइडवाल्या गोळ्याही मिळतात असं नंतर कळलं, पण भाव बघून सोडून दिलं.

इयर बड्सबद्दल काय लिहू. डब्यावर त्याची जाहिरात अशी की जणू ह्यांनीच शोध लावलाय. अहो १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीचे इयर बड्स देशभर बंदच आहेत, मेडिकलमध्ये साधे मागा, कागदाच्याच काडीचे मिळायला पाहिजेत. आणि कानात ते घालू नका हे प्रत्येक कानाचा डॉक्टर सांगतो. कंगवा चांगला आहे. टंग क्लीनर आमच्या घरी आधीच तीन होते.

किटमध्ये नसलेल्या दोन गोष्टी सांगते कारण खरा फरक त्यांनीच पडला. एक, नवऱ्याचा रेझर. सासऱ्यांचा जुना पितळी सेफ्टी रेझर ट्रंकेत होता, तो लिंबाने घासून काढला, टोपाझची पाती आणली. पात्याला दोन-तीन रुपये पडतात, एका कार्ट्रिजच्या पैशात त्याचं निम्मं वर्ष निघतं. पहिल्या आठवड्यात हनुवटीवर तीनदा कापलं, मग हात बसला (दाबायचं नाही, रेझरच्या वजनानेच फिरवायचं). तुरटीचा खडा फिरवतो वरून, आफ्टरशेव्ह पण सुटला. फक्त वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका प्लीज, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचा हात कापतो. आम्ही गुलाबजामच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडलीय, त्यात टाकतो, वर्षानुवर्षं भरायचा नाही तो.

दुसरी, मेन्स्ट्रुअल कप. हा मी आधीपासून वापरतेय, दोन वर्षं. पहिले दोन महिने जमला नाही, ऑफिसच्या बाथरूममध्ये घामाघूम झाले होते, तिसऱ्या महिन्यात घडी घालायची दुसरी पद्धत केली आणि बसला. सिलिकॉनचा, नीट ठेवला तर काही वर्षं चालतो, दर महिन्याला उकळायचा. त्यासाठी वेगळं पातेलं ठेवा आणि ते कशाचं आहे हे घरात आधीच सांगा, मी सांगितलं नव्हतं, सासूबाईंनी त्यात एकदा चहा टाकला होता. (पातेलं स्वच्छच होतं. चहा मी ओतून दिला.) महिन्याला बारा पॅड धरले तरी वर्षाला १४४ होतात, आणि ते शेवटी कोणीतरी हाताने वेगळे करतं. पुण्यात २०१७ पासून पॅड पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्यांना न उघडताच कळेल, असं सांगतायत, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो कागद अजून लावलाय आणि खाली कचऱ्यात उघडे पॅड अजून दिसतात. कप सगळ्यांना जमेल असं नाही, नाही जमला तर निदान तो ठिपका काढा. केरळात कुंबळंगी नावाच्या पंचायतीत २०२२ मध्ये अख्ख्या गावात कप वाटले गेले, तेव्हा अशक्य काही नाही.

आणि एक हिशोब, जो मला किटवाल्यांनी कधीच सांगितला नाही. आमचा गीझर १५ लिटरचा. २५ अंशाचं पाणी ६० पर्यंत न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, आणि मी शॉवरखाली गाणी म्हणत दोनदा रिकामा करायचे. शाम्पू कशात भरून येतो त्यापेक्षा तो धुवायला किती गरम पाणी घेता ह्यात जास्त ऊर्जा जाते. मी बादलीवर आले, एकच बादली, फुकट. डिसेंबरमध्ये जिवावर येतं, खोटं नाही बोलणार.

तर किटला स्टार दोन. एक कंगव्याला, एक लूफाला. लूफा खरंच छान निघाला, चार महिने अंगाला वापरला, मग कडा झिजल्या तेव्हा कापून तुकडा साबणाच्या वडीखाली ठेवला, पाणी निथळतं, वडीचा शिरा होत नाही. प्लास्टिकच्या जाळीच्या सोपडिशपेक्षा भारी. टाचांना मात्र वज्रीच, तिथे घोसाळं कामाचं नाही.

दिवाळीला सासूबाई परत आल्या तेव्हा पिशवीतून चार घोसाळी काढली, वेलावरच वाळवलेली, हलकी फूल, हलवली की बिया खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या. साल हाताने चुरगळून काढली, बिया पेपरवर झटकल्या आणि पुडी करून परत आपल्या पिशवीत ठेवल्या. मग मला विचारलं, तो तुझा डबेवाला एकाचे किती घेतो म्हणालीस. मी म्हटलं १५०. "मग चारचे सहाशे झाले," म्हणाल्या आणि हात पुढे केला.