जुन्या ट्रकचे ब्रेक आणि ऑनलाइन खरेदी: लोखंड घ्यावे, रबर घेऊ नये

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेले डॉज आणि फार्गो ट्रक आता गोव्यात क्वचितच दिसतात. त्यांपैकी एक डॉज आमच्याकडे फोंड्याला अजून चालू स्थितीत आहे. अशा गाडीचे ब्रेकचे सुटे भाग पूर्वी उसगाव-तिस्क किंवा डिचोलीच्या गॅरेजांतून विचारपूस केली की मिळत असत. 2012 मध्ये खाणी थांबल्यावर ट्रकवर चालणाऱ्या त्या सगळ्या व्यवसायाचे कामच आटले आणि जुना माल भंगारात गेला. म्हणून या वेळी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा), चारही व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकातले ब्रेक शू ढकलणारे), त्यांची रबरी किटे आणि लायनिंग म्हणजे घर्षणाचा थर लावलेले ब्रेक शू असा सगळा संच दिल्लीच्या काश्मिरी गेट बाजारातील एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला. हा माल ‘जुना, पण न वापरलेला’ म्हणून विकला जातो.

आधी चांगले सांगतो. विक्रेत्याने मागितल्याबरोबर प्रत्येक भागाची वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे पाठवली आणि ओतीव कामावरचे क्रमांकही वाचता येतील असे दाखवले. सिलिंडर ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेले होते. बिडाच्या ओतकामाची प्रत इतकी चांगली होती की तसे काम आज नव्याने करून घेणे महागच पडेल. मास्टर सिलिंडरच्या तळाचा चेक व्हॉल्व्ह जागेवर होता, ही विशेष समाधानाची गोष्ट. ड्रम ब्रेकच्या पाइपांत थोडासा दाब कायम राखण्याचे काम तो करतो, आणि जुन्या मालात बहुधा हाच भाग हरवलेला असतो.

अडचण आली ती मापांत. चारही व्हील सिलिंडर एकाच मापाचे, सव्वा इंची, असे वर्णनात म्हटले होते. बसवण्यापूर्वी आतला व्यास व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) मोजला तेव्हा पुढच्या जोडीतला एक सव्वा इंचाचा म्हणजे 31.75 मिलिमीटरचा आणि दुसरा सव्वाइंचाहून एक अष्टमांश इंचाने कमी, म्हणजे सुमारे 28.6 मिलिमीटरचा निघाला. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही, परंतु ब्रेकचा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्याच दाबाला मोठा सिलिंडर जवळपास 23 टक्के अधिक जोर लावतो. ही जोडी तशीच बसवली असती तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली गेली असती, आणि चोर्ला घाटाच्या उतारावर भरलेल्या ट्रकचे असे ओढणे म्हणजे थेट जिवाशी खेळ. म्हणून मागवताना विक्रेत्याकडून बोअरचे म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे माप मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे, आणि जमल्यास व्हर्नियर लावलेले छायाचित्रच मागावे.

रबरी किटे मात्र मी कोणालाही घेऊ देणार नाही. पाकीट सीलबंद होते, कपावर (सिलिंडरमधून ऑइल गळू न देणाऱ्या रबरी वाटीवर) ओरखडाही नव्हता, तरीही बोटांत दाबताच कडा ताठ लागल्या आणि वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या. रबर वापरले नाही तरी म्हातारे होतेच. त्यात या गाड्यांच्या ब्रेकची सगळी वाहिनी एकच असते. एका चाकाचा कप गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेकच्या होजचेही म्हणजे रबरी नळीचेही तसेच, कारण जुना होज बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगून वाट बंद करतो आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो. दोन्ही वस्तू ताज्या बनावटीच्या, मापानुसार घ्याव्यात.

ब्रेक शूंवरचे जुने लायनिंग काढून टाकले. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असे, त्यामुळे ते घासणे किंवा त्याची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवणे फुफ्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसूनच काम करावे. शूंचे लोखंड सरळ होते, म्हणून मेस्त्रींनी नवे लायनिंग रिव्हेट मारून बसवून दिले. लहान बोअरचा सिलिंडर लेथवर मोठा करून चालवण्याचा मोह मी टाळला. ओतीव भिंत किती उरेल याचा भरवसा नव्हता.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ग्लायकोलचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा झपाट्याने ओढून घेते. डॉट 3 दर्जाच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो, आणि बिडाच्या बोअरला गंज चढतो तो वेगळाच. वर्षाआड ऑइल बदलण्याचा खर्च नव्या सिलिंडरपुढे काहीच नाही.

विक्रेत्याने चुकीचा सिलिंडर परत घेतला, जोडीला जुळणारा पाठवला, फक्त परतीचे कुरिअर आमच्या खर्चाने गेले. किटांचे पैसे परत देण्यास त्याने नकार दिला. ओतीव भागांसाठी मी त्याच्याकडे पुन्हा जाईन.