जुना ट्रक मिसिंग मारतोय: नवे प्लग, स्कॅनर की कॉम्प्रेशन गेज?

ट्रक म्हटलं की डोळ्यांपुढे डिझेल येतं, आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. म्हणून आधीच सांगतो, हे पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या जुन्या ट्रक-पिकअपबद्दल आहे.

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेईनासा झाला, की मालकापुढे चार रस्ते असतात. प्लगचा अख्खा सेट बदलून मोकळं व्हायचं, स्कॅनर लावायचा, प्लग काढून निरखायचे आणि सुट्या भागांची अदलाबदल करून बघायची, किंवा थेट कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. माझा कौल तिसऱ्याला. प्लग हातात घेऊन बघितल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये. बाकीचे तीन वाईट नाहीत, फक्त त्यांची वेळ वेगळी.

हत्यार उघडण्याआधी एवढं बघा की गाडी मिस मारते कधी. भरलेला ट्रक चढावर धक्के देतो पण आयडलिंग ठीक आहे, तर संशय ठिणगीवर. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि म्हातारी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग), गॅप म्हणजे टोकांमधली फट वाढलेला प्लग किंवा चिरलेली प्लग वायर नेमकी तिथे हात टेकते. उलट, आयडलिंगला थरथर आणि रेस केली की सुरळीत, असं असेल तर बहुधा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा चोरून आत येतेय, नाहीतर एखादा वाल्व्ह नीट बसत नाही. सकाळी पहिला मिनिटभर मिस मारून मग ठीक होते आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत राहतं, तर हेड गॅस्केटकडे बघा.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

ओबीडी-२ म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचायची ठरलेली पद्धत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. इतरत्र ते पुढे आलं, त्यामुळे ट्रक खूप जुना असेल तर हा रस्ता बंदच. गाडीत ओबीडी-२ असेल तर पी०३०० हा कोड म्हणजे मिस कुठे एका जागी नाही, आणि पी०३०१ पासून पुढचा शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. दहा मिनिटांचं काम, आणि शोध आठ सिलिंडरवरून एकावर येतो. हा त्याचा मोठा फायदा.

पण बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर ठिणगी बघत नसतो, तो क्रँकचा वेग बघतो. तिसऱ्या सिलिंडरची पाळी आली आणि क्रँकला धक्का मिळाला नाही, एवढंच त्याला कळतं. कॉइल मेली, इंजेक्टर तुंबला की वाल्व्ह जळाला, हे पी०३०३ मध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. लोक मात्र तो कोड वाचतात आणि कॉइल आणायला धावतात.

मीही धावलो होतो. माझ्या जुन्या पिकअपवर हाच कोड आला, मी तिसऱ्याची कॉइल नवी बसवली, कोड हलला नाही. मग प्लग काढला. टोक छान, फिकट तपकिरी. बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर मात्र पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक, उभी काळी रेघ. वीज टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरून थेट धातूच्या अंगावर उतरत होती. प्लग बदलला, गाडी आठवडाभर गुणाची चालली आणि पुन्हा तेच रडगाणं. कारण नव्या कॉइलवर मी जुनीच रबरी टोपी चढवली होती आणि तिच्या आत तशीच रेघ होती. एकावर रेघ दिसली की प्लग आणि टोपी दोन्ही एकदमच बदलायचे.

त्या रेघेची गल्लत धातूच्या कडेलगतच्या तपकिरी कड्याशी करू नका. तो उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेल्या तेलकट धुळीचा डाग असतो, प्लग चांगलाच असतो. त्याला गॅस लीक म्हणून सेट बदलायला लावणारे भेटतात.

प्लग काढून बघणं

काढलेले प्लग डब्यात टाकू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घाला आणि ज्याच्या त्याच्या जागी उभे करा. एकटा प्लग फार बोलत नाही, रांगेत ठेवल्यावर वेगळा कोण ते दिसतं.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी सगळ्यांवर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एकावरच असेल तर तिथली ठिणगी अशक्त. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला पोहोचलं की काजळी आपोआप जळते. म्हणून सदा थोड्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीचे प्लग काळे असले तरी घाबरायचं कारण नाही. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर ते तापतंय: मिश्रणात पेट्रोल कमी, ठिणगीचं टायमिंग पुढे किंवा प्लगची हीट रेंज (तो उष्णता किती बाहेर सोडतो ते) चुकलेली. ओलं, काळं, तेलकट टोक म्हणजे रिंगा किंवा वाल्व्ह गाइडमधून ऑइल येतंय. तेल फक्त वर, प्लगच्या विहिरीत असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गेलंय, आणि ते काम त्या मानाने किरकोळ.

मला सगळ्यात जास्त भीती स्वच्छ प्लगची वाटते. पाच प्लग तपकिरी आणि सहावा वाफेने धुतल्यासारखा चकचकीत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय असं धरून चाला.

आणि मोडका प्लग. बाजूचा वाकलेला इलेक्ट्रोड चेपून मधल्याला टेकला असेल तर पिस्टनच्या माथ्यावरून काहीतरी आपटलंय: आत पडलेला स्क्रू, किंवा चुकीच्या लांबीचा प्लग. चिनी मातीचा तुकडा गायब असेल तर तो कुठे गेला याचं उत्तर मिळेपर्यंत नवा प्लग लावून सेल्फ मारू नका. आत कॅमेरा घालून बघा. तिरका पाना लावल्यानेही माती चिरते, पण ती चीर बाहेरच्या भागात असते. आतल्या टोकाची माती फुटली असेल तर इंजिन नॉक करतंय का, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून ठकठक होतेय का, ते तपासा.

यालाच जोडून अदलाबदल. कोड पुसा, तिसऱ्याची कॉइल पाचव्यावर आणि तिसऱ्याचा प्लग पहिल्यावर लावा, गाडी लोडवर चालवा. कोड पाचव्यावर गेला तर कॉइल, पहिल्यावर गेला तर प्लग, तिसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. खर्च शून्य, आणि उत्तर स्कॅनरपेक्षा पक्कं. डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत (एकाच कॉइलची वीज फिरत्या रोटरने सगळ्या प्लगना वाटणाऱ्या) कॅप उघडून आतल्या रेघा आणि रोटरचं टोक बघा. रात्री इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर गळणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. चालू इंजिनवर वायर उपसून बघायची जुनी खोड मात्र सोडा. झटका तर बसतोच, कॉइल आणि इग्निशन मॉड्यूलही जाऊ शकतं.

सेट कधी, गेज कधी

साधे निकेल प्लग ३० हजार किलोमीटरच्या आसपास झिजतात, प्लॅटिनम-इरिडियम लाखाच्या घरात जातात. सीएनजीला ठिणगीचं व्होल्टेज जास्त लागतं, तिथे मुदत त्याआधीच संपते. मुदत उलटली असेल तर सेट बदला, त्यात वाद नाही, फक्त जुने प्लग बघितल्याशिवाय फेकू नका. मुदत शिल्लक असताना ‘करून तर बघू’ म्हणून सेट टाकणं हा मला चारांतला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो, कारण नवा प्लग तेलाने खराब व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात माणूस समजतो की रोग गेला.

ऑइल पिणाऱ्या इंजिनात इरिडियम घालू नका. साधे प्लग लावा आणि लवकर बदलत राहा. इंजिन धडधाकट असेल तर इरिडियम योग्य. फक्त त्याची बारीक तार गॅप करताना मोडते, हे ध्यानात ठेवा.

अदलाबदल करूनही कोड जागचा हलत नसेल, किंवा टोक तेलकट, धुतलेलं वा चेपलेलं दिसलं, तर कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारायचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, असं बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट.

तोवर गाडी चालवायची का? चेक इंजिन लाइट नुसता पेटलेला असेल तर हळू घरी न्या. लुकलुकत असेल तर बाजूला घ्या, न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळवतं.

राहिला प्रश्न प्लग स्वतः काढायचा की गॅरेजात. हेड ओतीव लोखंडाचं असेल तर बिनधास्त काढा. ॲल्युमिनियमचं असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अर्धा आटा सुटून पुढे जड लागलं तर जोर न लावता परत आत फिरवा, गंज सोडवणारं तेल सोडा, थांबा, मग मागेपुढे करत काढा. बसवताना ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतं. फोर्डच्या ५.४ लिटर, तीन वाल्व्हच्या ट्रायटनसारखं इंजिन असेल तर काम सरळ गॅरेजला द्या. त्याचे दोन तुकड्यांचे मूळ प्लग काढताना खालची नळी हेडमध्येच अडकून राहते, आणि ती काढायचं खास हत्यार नसेल तर हेड उतरवायची पाळी येऊ शकते.