कार्लीचा प्रश्न आणि मालिकेने काढलेली पळवाट

२०२१ साली १९ मार्च ते २३ एप्रिल या काळात दर शुक्रवारी एक याप्रमाणे सहा भागांत आलेली 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' ही मार्व्हलची मालिका आज जिओहॉटस्टारवर मूळ इंग्रजीत आणि हिंदी डबिंगसह पाहता येते. सीमाभागातील मराठी प्रेक्षकाने ती अवश्य पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण सीमारेषा, त्या रेषांमुळे उपरी ठरलेली माणसे आणि त्यांच्याविषयी दूर बसून निर्णय घेणारी समिती हा विषय सुपरहिरोंच्या जगात इतक्या उघडपणे क्वचितच आला आहे. ज्यांना सरळ चांगले किंवा सरळ वाईट म्हणता येत नाही अशी चार-पाच पात्रे या मालिकेत आहेत, आणि त्यांपैकी काहींना ती शेवटपर्यंत समजून घेते, तर जिला सर्वांत जास्त समजून घ्यायला हवे होते तिला मात्र अर्ध्या वाटेवर सोडून देते. याविषयी लिहायचे तर कथानक उघड केल्यावाचून गत्यंतर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थानोस या खलनायकाच्या एका चुटकीसरशी जगातील निम्मी माणसे नाहीशी झाली आणि पाच वर्षांनी परत आली, हे मार्व्हलचे चित्रपट पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. मधल्या पाच वर्षांत काय झाले, हा या मालिकेचा खरा विषय आहे. ओस पडलेल्या देशांना हातांची गरज होती, म्हणून त्यांनी आपल्या सीमा उघडल्या, परक्यांना घरे दिली, कामे दिली. मग नाहीसे झालेले लोक परतले, घरांचे जुने मालक दारात उभे राहिले, आणि पाच वर्षे जे शेजारी होते ते एका दिवसात निर्वासित ठरून छावण्यांमध्ये गेले. जीआरसी नावाची जागतिक परिषद त्यांना मूळ देशी परत पाठवण्याचा कायदा करू पाहते आणि कार्ली मॉर्गेनथाऊ ही कोवळ्या वयाची मुलगी तिच्याविरुद्ध उभी राहते. सीमा नकोत, पाच वर्षे आम्ही त्यांच्याशिवाय जगलो, एवढेच तिचे म्हणणे आहे.

हे म्हणणे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत बसून ऐकणाऱ्याला कल्पनारम्य वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो प्रश्न अजून न्यायप्रविष्ट आहे. ज्या आठवड्यांत ही मालिका येत होती, त्याच काळात करोनामुळे महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागत होता, आणि कोगनोळी नाका ही कागलच्या माणसासाठी एकाएकी खरीखुरी सीमा झाली होती. रेषा कागदावर आखली जाते आणि ती माणसाच्या शेतातून, सोयरिकीतून, मुलांच्या शाळेतून जाते, हा अनुभव इथल्या मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांना आहे. त्यामुळे कार्लीच्या प्रश्नाला मालिका काय उत्तर देते याची मी फार उत्सुकतेने वाट पाहत होतो.

उत्तर मिळत नाही. तिसऱ्या भागात कार्ली जीआरसीच्या गोदामातून औषधे आणि अन्न पळवते, इथपर्यंत आपण तिच्या बाजूने असतो, आणि त्याच क्षणी ती आत माणसे असतानाच ते गोदाम उडवून देते. तिचा साथीदारसुद्धा चकित होऊन तिच्याकडे पाहत राहतो. या कृत्याची तयारी आधीच्या प्रसंगांमध्ये कुठेही नाही. पुढे ती मालिकेचा नायक सॅम विल्सन म्हणजे फाल्कन याच्या बहिणीला फोनवरून धमकावते, शेवटच्या भागात ओलिसांनी भरलेला ट्रक पेटवते, आणि अखेर शॅरन कार्टर या माजी गुप्तहेर स्त्रीच्या गोळीने मरते. अन्यायाने पेटलेला माणूस हिंसेकडे वळू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो कसा वळला हे दाखवणे हे लेखकाचे काम आहे. येथे हिंसा तिच्या स्वभावातून येत नाही, ती पटकथेच्या सोयीसाठी येते. तिचा प्रश्न रास्त आहे हे मान्य केले तर नायकाला काहीतरी करावे लागेल, म्हणून तिला खुनी करून तो प्रश्नच तिच्याबरोबर पुरून टाकण्यात येतो. शेवटी सॅम विल्सन समितीपुढे लांबलचक भाषण करतो आणि ते भाषण चांगलेही आहे. मात्र छावण्यांतील माणसे त्यानंतर पडद्यावर दिसतच नाहीत.

२०१८ च्या 'ब्लॅक पँथर'मध्ये खलनायक किलमाँगरच्या बाबतीतही हीच युक्ती होती, कारण त्याचे गाऱ्हाणे खरे वाटू लागते तोच त्याच्या हातून स्वतःच्या सोबतिणीचा जीव घेतला जातो. तरीही त्या चित्रपटाने निदान एवढे केले की, किलमाँगर मेल्यावर राजा टिचाला आपल्या वाकांडा देशाचे दरवाजे जगासाठी उघडतो, म्हणजे शत्रूचे म्हणणे नायकाला बदलते. कार्लीच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

जॉन वॉकरविषयी मात्र ही मालिका फार वरच्या दर्जाचे काम करते. सरकारने नेमलेला हा नवा कॅप्टन अमेरिका पहिल्याच दर्शनात आपल्याला आवडू नये अशी योजना आहे, आणि मग वायट रसेल हा अभिनेता हळूहळू त्याची बाजू उलगडत नेतो. आपली पदके आपल्याला आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसाची आठवण करून देतात, असे वॉकर मित्राला सांगतो तेव्हा त्याच्या उर्मटपणाखालची अपराधी भावना प्रथम दिसते. चौथ्या भागात तो मित्र कार्लीच्या हातून मारला जातो आणि वॉकर भर चौकात, लोकांच्या मोबाइलसमोर, शरण आलेल्या एका माणसाला ढालीने ठेचून मारतो. ढालीच्या कडेवर उरलेले रक्त दाखवून तो भाग संपतो. पुढच्या भागात चौकशी समितीपुढे तो ओरडून सांगतो की मी तुम्ही सांगितले तेच केले, तुम्हीच मला घडवले. आणि ते खोटे नसते. येथे गुन्हेगार, त्याला घडवणारी संस्था आणि त्याचा स्वतःचा निर्णय या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. शेवटच्या भागात मात्र एक ट्रक वाचवायला धावला म्हणून त्याला जवळजवळ माफी मिळते आणि तो दुसरा नायक बकी म्हणजे विंटर सोल्जर याच्याबरोबर हलकेफुलके बोलू लागतो, हे मला सहन झाले नाही. मारला गेलेला माणूस कार्लीच्या बाजूचा नसता, तर ही माफी इतकी स्वस्त झाली असती का, याचा विचार प्रेक्षकाने करावा.

बकी बार्न्सने मेंदूवर दुसऱ्यांचा ताबा असताना ज्या अनेकांना मारले, त्यांपैकी एका तरुणाचा म्हातारा बाप योरी याच्याशी तो मैत्री करतो आणि खरे सांगण्याचे धैर्य त्याला सहा भागांत अगदी शेवटी येते. मी मारले, पण ते माझ्या इच्छेने नव्हते, या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे, हे तो छोटासा प्रसंग नेमके दाखवतो. आणखी पाच मिनिटे त्याला द्यायला हवी होती. झिमो हा खलनायक रंजक आहे, डॅनियल ब्रूलने त्याला गोडवा दिला आहे, पण त्या गोडव्यामुळे त्याच्या खुनांचा विसर पडतो.

ज्यांना सहाही भाग पाहायला वेळ नाही, त्यांनी निदान चौथा आणि पाचवा भाग पाहावा. पाचव्या भागात आयझाया ब्रॅडली या कृष्णवर्णीय वृद्ध सैनिकाची हकिगत आहे. शक्ती वाढवणाऱ्या ज्या सीरमने पहिल्या कॅप्टन अमेरिकाला वीर बनवले त्याच सीरमच्या प्रयोगांसाठी त्याला वापरले गेले आणि तीस वर्षे तुरुंगात ठेवले गेले. या भागात तो ना कडवा खलनायक होतो, ना सॅमला आशीर्वाद देणारा आजोबा. तो रागावलेला राहतो आणि मालिका त्याचा राग हिरावून घेत नाही. कार्लीसाठी मी जे मागत होतो ते येथे मिळाले आहे. हा भाग हिंदी डबिंगमध्ये न पाहता कार्ल लम्बलीच्या मूळ आवाजात, खाली उपशीर्षके लावून पाहावा.