टेलिग्रामवर द्राक्ष बागायतदारांचा गट: छाटणीपासून माल उतरेपर्यंतचा अनुभव

ऑक्टोबरची छाटणी झाली की तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष गटांत एकच धांदल. फवारणी उरकून फोन उघडावा तर दीडशे मेसेज, आणि आपल्या डाऊनीच्या (पानं-घडांवर पडणारा बुरशीचा रोग) प्रश्नाचं उत्तर त्यात कुठंतरी गाडलेलं. फुलोऱ्यात डाऊनी घडावर गेली की दोन दिवसांनी सापडलेल्या उत्तराचा काही उपयोग नाही. म्हणून हा हंगाम पूर्ण टेलिग्रामवर काढला. ॲप कामाचं आहे, पण जसं येतं तसं वापरलं तर नाही.

पहिली गोची बोटाची. व्हॉट्सॲपवर रिप्लाय द्यायला मेसेज उजवीकडे सरकवतात, इथं डावीकडे. सवयीनं उजवीकडे ओढलं की माणूस थेट गटाबाहेर, चॅटच्या यादीत. मग वैतागून लोक खाली नुसतं ‘हो, मारा’ लिहितात. काय मारा, कुणी मारा? रिप्लाय प्रश्नाला जोडला तरच विचारणाऱ्याच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात ॲटच्या खुणेचं (@) गोल बटण येतं. ते दाबत गेलं की आपल्याला आलेली उत्तरं एकेक करून पुढ्यात येतात, मधलं काही चाळावं लागत नाही. गट म्यूट असला तरी अशा रिप्लायची सूचना वाजते, त्यामुळे गट बिनधास्त म्यूट ठेवावा. सूचना तासाभराने येत असेल तर बहुधा फोनची बॅटरी बचत आड येते. सेटिंगमध्ये टेलिग्रामची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

ॲडमिनने टॉपिक्स, म्हणजे गटातले विषयवार कप्पे, चालू करावेत, पण हात आखडता ठेवून. रोग, खत-पाणी, जीए-डिपिंग (घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं), हवामान, बेदाणा-दर, एवढे पाच पुरतात. दहा-बारा केले की सगळे सगळं ‘जनरल’मध्येच टाकतात.

उत्तर न येण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा ॲपमध्ये नसून प्रश्नात असतं. ‘पानावर डाग आलेत, काय मारू?’ याला जाणकार हातच लावत नाहीत. जात (थॉमसन, सोनाका, माणिक चमन), छाटणीनंतरचा कितवा दिवस, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, पाऊस-दव किती, हे एकाच मेसेजमध्ये हवं. सोबत एकाच पानाचे दोन फोटो: वरची बाजू आणि खालची. वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसली तर डाऊनीचा अंदाज पक्का होतो. नुसत्या वरच्या फोटोवरून सांगणारा अंदाजपंचे सांगतो. साधा पाठवलेला फोटो टेलिग्राम दाबून लहान करतं आणि झूम केल्यावर बुरशी नुसती धुरकट दिसते. अटॅचमधून ‘फाइल’ निवडून पाठवला तर मूळ फोटो जातो. ही एक सवय गटात लागली तरी निम्मे उलटप्रश्न थांबतात.

सल्ला घेऊन गायब होणारे प्रत्येक गटात असतात. त्यावर उपाय आहे: आपल्या प्रश्नाची ‘कॉपी लिंक’ घ्या, ‘सेव्ह्ड मेसेजेस’मध्ये टाका, पाठवायचं बटण दाबून धरा आणि चार दिवसांनंतरचं ‘रिमाइंडर’ लावा. त्या दिवशी लिंक दाबली की थेट प्रश्नावर जाता येतं. तिथंच रिप्लाय करून डाग थांबले की पसरले ते फोटोसह लिहायचं. निकाल कळवणाऱ्याच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर लवकर येतं, हे हंगामभर दिसलं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. व्हॉइस मेसेज शोधात सापडत नाहीत, आणि आपल्याकडचे जुने जाणकार बोलूनच सांगतात. ऐकणाऱ्याने खाली दोन ओळी टाइप कराव्यात. कुणी डाऊनी लिहितो, कुणी डावणी, त्यामुळे शोध दोनदा घ्यावा लागतो. औषधविक्रेते खासगीत मागे लागतात. प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर ‘नोबडी’ला करून ठेवा, निदान नंबर तरी त्यांना दिसत नाही. फोटोंनी मेमरी भरली तर ‘स्टोरेज युसेज’मधून कॅश (फोनवर साठलेल्या प्रती) साफ करा, गटातले फोटो सर्व्हरवर राहतात आणि लागले की पुन्हा उतरवता येतात.