केनियातल्या बचत गटाच्या नावाने ३,१८,५०० रुपये लुबाडले. पैसे पाठवण्याआधी वही बघा

पश्चिम केनियातल्या एका महिला बचत गटासाठी आमच्या मंडळाने ३,१८,५०० रुपये पाठवले. १,४०,००० प्रौढ साक्षरता वर्गाला, आणि २५ जणींना प्रत्येकी ७,१४० प्रमाणे १,७८,५०० कर्जनिधीला. असा गटच नव्हता. फोटो, वेबसाइट, आभाराची पत्रं हे सगळं नेहमीचंच. संताप आहे तो गटाच्या हिशेबाच्या वहीचा. लबाडी तिथे उघड दिसत होती, आणि तीच वही बघून दुसरा हप्ता गेला.

गटांची ही पद्धत 'केअर' या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केली. दर बैठकीत प्रत्येक सभासद एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरलेल्या किमतीचे हिस्से, घेते, बचतीच्या तिपटीपर्यंत कर्ज मिळतं, आणि वर्षभराने सगळी रक्कम वाटून गटाची पैशांची पेटी रिकामी करतात. आमच्याकडे आलेल्या वहीत पंचवीसही जणींनी दर आठवड्याला पाच-पाच शेअर घेतलेले. शेअर शंभर शिलिंगचा, म्हणजे आठवड्याला बरोब्बर १२,५०० शिलिंग, जानेवारी ते जुलै एकसारखे! तिकडे मका मार्च-एप्रिलमध्ये पेरतात आणि पीक जुलै-ऑगस्टच्या सुमारास हाती येतं. मे-जूनमध्ये घरातलं धान्य संपत आलेलं असतं. तेव्हा बाई एखादाच शेअर घेते. जानेवारीत मुलांची फी भरायची असते, तरी त्या महिन्यात एकही कर्ज नाही. दंडाचा रकाना कोरा. पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन वेगळ्या जणींकडे असायला हव्यात. फोटोत कुलूप एकच. साक्षरता वर्गाची हजेरी ऐन पेरणीतही पूर्ण.

नीटनेटकी वही म्हणजे चोख कारभार, असंच कुणालाही वाटेल. आपल्याकडे बचत गटांना बँक कर्ज देते, त्यामुळे कर्जनिधी मागितला तेव्हाही वावगं वाटलं नाही. पण 'केअर'च्या पद्धतीत पेटीत बाहेरचा पैसा घालत नाहीत. पैसा स्वतःचा असतो म्हणूनच बायका एकमेकींकडून वसुली करतात. कुणी पेटीत घालायला पैसे मागितले, की तिथेच थांबा.

"संस्थेचं खातं अडकलंय, माझ्या खात्यावर पाठवा, कारण वैयक्तिक भेट लिहा," असं गटाच्या नावाने पैसे मागणारा माणूस म्हणाला. परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए-२ फॉर्मवरच्या त्या दोन शब्दांनी तक्रारीचा जीवच काढून घेतला. बँक म्हणते, भेट तुम्हीच दिलीत. पोलीस ठाण्यात म्हणतात, गुन्हा केनियात झाला. सायबरवाले म्हणतात, खातं भारतातलं नाही. अहो, पैसे इथून गेले, फसवलेली माणसं इथली! गुन्हा दखलपात्र असला की हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यायलाच हवा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. हे त्यांना आम्ही दाखवायचं? वर ऐकवलं, "इथे गरीब नाहीत का?" तक्रार घ्यायची सोडून हा उपदेश कशासाठी?

पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यावर पाठवा, फॉर्मवर देणगी म्हणूनच लिहा. बँकेने परदेशी बँकेला पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. परदेशी संस्थेच्या देणगीवर भारतात आयकर सवलत मिळत नाही, त्यामुळे तशी पावती देऊ करणारा खोटं बोलतोय. केनियात सामुदायिक गटांच्या नोंदणीचा २०२२ चा कायदा आहे. दाखला मागा आणि क्रमांक तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून तपासून घ्या. बैठकीचा वार आणि वेळ विचारा, आणि न कळवता त्याच वेळी व्हिडिओ कॉल लावा. खऱ्या बैठकीत पैसे सगळ्यांसमोर मोजतात.