ओएस ४६ एएक्स: कार्बोरेटरसाठी घ्यावं असं इंजिन

आमच्या रिमोटच्या मॉडेल विमानांच्या मैदानावर नवशिक्यांना मी ओसाकाच्या ओएस कंपनीचं हेच ७.५ सीसीचं ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं) घ्यायला सांगतो. कार्बोरेटरची मोठी सुई, म्हणजे फुल थ्रॉटलला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पंख्यापासून लांब आहे. चालू इंजिनावर बोटांची धास्ती कमी. फुल थ्रॉटलवर सुई आवळत आवाज टिपेला न्यायचा, मग दोन-तीन खटके सैल. विमानाचं नाक आभाळाकडे धरल्यावर आवाज पडला, तर अजून थोडी सैल. सायलेन्सरमधून धुराची रेघ दिसलीच पाहिजे. वंगण इंधनातच असतं, धूर नाही म्हणजे इंजिन कोरडं जळतंय. आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, इंधनाची नळी चिमटा: आरपीएम चांगलाच चढून मग बंद पडलं तर मिश्रण रिच (इंधन जास्त), लगेच बंद पडलं तर लीन (इंधन कमी). त्यासाठी आयडलच्या मिश्रणाचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवायचा. तो एकदा बसला की फारसा हात लावावा लागत नाही. किती गुणी इंजिन आहे हे!